बेचाळिसाव्या दिवशी विचारायचं राहून गेलेलं

17 मार्च 2023 पासून एसटीत बायांचं तिकीट अर्धं झालं. वाशिमच्या स्टँडवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. ज्या बायांनी वर्षानुवर्षं उंबरा ओलांडला नव्हता, त्याही काखेत पिशवी मारून निघाल्या. कुणी लेकीकडं, कुणी माहेरी, कुणी देवाला. माझी मावशी तेवढी निघाली नाही. तिची लेक अकोल्याला दिलेली. मालेगाव, मेडशी, पातूर करत गाडी दोन-अडीच तासांत पोचते. लेकीनं फोन केला की मावशी म्हणे, "येतो ना व माय, सोयाबीन निंघालं की येतो." सोयाबीन निघालं, तूर निघाली, हरभरा निघाला. मावशी घरीच. लेकीला वाटलं, आई रुसली. जावयाला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं असेल.

खरं कारण कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतंच. मेडशीच्या पुढं रस्ता वळणावळणाचा आहे. तिथं गाडी हिंदकळली की मावशीला लघवी आवरत नसे. एका खेपेला सीट ओली झाली. शेजारच्या बाईनं नुसतं वळून पाहिलं, बोलली काही नाही. मावशी पातूरला उतरली आणि परतीच्या गाडीनं घरी आली. घरी सांगितलं, "डोकं दुखलं म्हनून आलो."

एखादं माणूस खाटेला खिळलं की ते सगळ्यांना दिसतं. हा त्रास बाईला चालती-फिरती ठेवतो आणि तिच्या एकेक वाटा बंद करत जातो. आधी अकोला बंद झालं. मग पोहरादेवीची यात्रा. मग लग्नं, कारण पंगतीत एकदा मांडी घालून बसलं की चटकन उठता येत नाही. मग बालाजीच्या देवळाची पायरी. महालक्ष्म्यांच्या सणाला सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या करण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं ते सगळं एका वर्षी मुकाट जाऊबाईच्या ओटीत टाकलं. "आता माह्याच्यानं सोवळं होत नाही," एवढंच बोलली. घरातल्यांनी वयावर घातलं. तिच्या मनात मात्र वेगळंच होतं: आपलं अंग देवापुढं बसण्याच्या लायकीचं राहिलं नाही. मला या दुखण्यातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते. थेंबभर लघवी निसटली म्हणून बाई ओवळी होत नाही. जिनं चार लेकरं या अंगातून जगात आणली, तिनं त्याच अंगाची लाज धरून देवघराच्या बाहेर बसावं, हे कुठल्या देवीला रुचेल?

लघवी टिपायला ती अंगाला लावायची ती घडी मी पाहिलेली आहे. जुन्या सुती लुगड्याचा वीतभर रुंद तुकडा, चार पदरी दुमडलेला, कडा हातानं टिपलेल्या. दुपारी पुरुषमाणसं वावरात असली की ती तो धुवायची आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीवर वाळत घालायची. उघड्यावर नाही, वरून एक टॉवेल टाकून. उन्हात खडखडीत वाळायला हवा असा कपडा उन्हापासूनच लपवलेला. उन्हाळ्यात निभायचं. श्रावणात तो वाळायचाच नाही आणि ती दमट घडी पुन्हा अंगाला लागायची. जांघा सोलवटायच्या, रात्रभर खाज सुटायची. त्यावर ती खोबरेल तेल लावायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायची.

दुसरा उपाय तिनं केला तो पाणी तोडण्याचा. बाहेर जायचं असलं की सकाळपासून घोट नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत चढतो, त्या उन्हातही नाही. हा उपाय बहुतेक बाया आपणहून शोधून काढतात आणि तो अंगलट येतो. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झोंबते, आणि घाई उलट वाढते. वर जळजळ, जंतुसंसर्ग, कुणाला मुतखडा. चहा मात्र चालूच असतो. खरं तर कमी करायचा तो चहा, कारण त्यानं लघवीची घाई वाढते.

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत वावरात गेलं की वेगळंच ऐकू येतं. बायांची रांग वाकून विळे चालवत असते, वाळल्या शेंगांची धूळ नाकात जाते. एक शिंकली. "गेलं व माय!" म्हणून ती तिथंच पाय आवळून उभी राहिली. रांगेत हशा पिकला. हसता हसता दुसरी म्हणाली, "हासवू नोको, माह्यंही जाते." मग निंबाखाली भाकरी सोडली तेव्हा एकेक सांगू लागली. एकीचं दुसऱ्या बाळंतपणापासून, एकीचं पाळी गेल्यापासून, एकीला शुगर निघाली तेव्हापासून. एक नुसतीच मान हलवत होती. तिचं अंगच बाहेर येत होतं; पाण्याचा गुंड डोक्यावर घेतला की येतं, रात्री निजलं की आपोआप आत जातं, असं तिनं शेवटी शेवटी सांगितलं. किती मोकळं बोलत होत्या त्या! दवाखान्यात तेच सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. चिठ्ठी काढायच्या खिडकीवरच मोठ्यानं विचारतात, "काय होते?" मागं गावातली पाच माणसं उभी असतात. मग बाई सांगते, कंबर दुखते. तिला कंबरेच्या गोळ्या मिळतात.

वाटतं तेवढं हे गूढ नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लेकराला निजवायला आपण आढ्याला लुगड्याची झोळी बांधतो, तशीच. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. बाळ त्याच वाटेनं बाहेर येतं तेव्हा ती ताणली जाते, कुणाची उसवते. तिला आवळायला वेळ आणि विसावा लागतो. आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना निजवून ठेवायची रीत होती, ती या दृष्टीनं शहाणपणाची होती. पण ज्या घरात हातावर पोट आहे तिथं सव्वा महिना कुणाला मिळतो? लेकरू पाळण्यात आणि बाई हंडा घेऊन नळावर, नाहीतर डोक्यावर गवताचा भारा. त्यात चुलीच्या धुरानं जडलेला खोकला, त्यात बद्धकोष्ठ, त्यात एकामागून एक बाळंतपणं. पाळी गेल्यावर संप्रेरकं ओसरतात आणि मूत्रमार्गाच्या भोवतालचा भाग सैल पडतो. मग खोकलं, हसलं, ओझं उचललं की वरून दाब येतो आणि लघवी निसटते. हा एक प्रकार. दुसऱ्यात मूत्राशयच अवेळी आकसतं: पाण्याचा आवाज ऐकला, कुलपाला किल्ली लावली, की धाव घ्यायच्या आतच सुटते. पुष्कळ बायांना दोन्ही असतात. आणि रात्रंदिवस सतत झिरपत असेल, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर, तर मूत्राशयाला भोक पडून योनीत वाट झालेली असू शकते. ती ऑपरेशननं बंद करता येते.

विदर्भातल्या बायांनी हे दुखणं पोटात ठेवलं, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. हे मी रागानं म्हणते, पण त्याला आधार आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत घरोघरच्या बायांना तपासलं. तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. साडेसहाशे बायांपैकी 92 टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक ना एक होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर जगाला वाटत होतं की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. मधल्या सगळ्या आयुष्यात तिला शरीर असतं हे सरकारी कागदांना माहीतच नव्हतं.

त्याच बंग दांपत्यानं पुढं नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि ती देशानं उचलली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन घेते, ताप बघते, आईला दूध येतं का ते विचारते. या फेऱ्यांनी हजारो लेकरं वाचली. माझी मागणी एवढीच आहे की बेचाळिसाव्या दिवशी, बाळाला झोळीत टाकल्यावर, तिनं आईकडं वळून आणखी एक गोष्ट विचारावी: "खोकललं, हासलं की लघवी जाते का व बाई?" बाई "हो" म्हणाली तर तिथंच, त्याच बाजेवर, तिला व्यायाम शिकवता येतो. तेव्हा ती बाविशीत-तेविशीत असते. मावशीला मी शिकवायला बसले तेव्हा ती साठीला टेकली होती.

व्यायामाला ना पैसा लागतो ना जागा. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये तो मांडला आणि त्यांच्याच नावानं तो जगभर ओळखला जातो. आपल्या हठयोगातला मूलबंध त्याच्या जवळचा. फक्त तो जोग्यांनी केला, बाळंतिणींना कुणी शिकवला नाही. चारचौघांत वारा सरायला आला की आपण जिथं आवळून धरतो, तिथलेच स्नायू वर ओढून धरायचे. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. पाचपर्यंत मोजायचं, मग तेवढाच वेळ सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की मोजणी दहापर्यंत न्यायची. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. तीन महिने नेमानं करावं लागतं, आणि बाया इथंच सोडून देतात, कारण पहिल्या पंधरवड्यात फरक दिसत नाही. घाईचा त्रास असेल तर घड्याळ लावून जायचं, घाई आली की थोडं थांबायचं, आणि दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. अंग बाहेर येणाऱ्या बाईला डॉक्टर आतून रबराची किंवा सिलिकॉनची कडी बसवून देतात. व्यायामानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे.

पण "पिशवी काढून टाका" हा सल्ला नुसत्या लघवी निसटण्यावरचा इलाज नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न एवढा पेटला की सरकारला समिती नेमावी लागली. आमच्याकडंही कुठलंही खालचं दुखणं असलं की पिशवीकडंच बोट दाखवलं जातं, आणि बाई मान डोलावते, कारण तिला वाटतं आता या वयात पिशवीचं काय काम.

संडासाचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या संगीताताईंनी 2015 मध्ये मंगळसूत्र मोडून घरी संडास बांधला. तेव्हाच्या ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कार केला. मंगळसूत्र मोडण्याइतकी ती गरज असते, हे त्या एका बाईनं अख्ख्या राज्याला दाखवलं. पण वावरात, आठवडी बाजारात, फाट्यावर अजून आडोसा नाही. ज्या बाईला दर दीड तासाला जावं लागतं, तिचं जग तिच्या घरच्या संडासापासून जाऊन-येऊन दीड तासाच्या अंतरात संपतं.

मावशीचं पुष्कळ कमी झालं, पूर्ण गेलं नाही. तिसऱ्या महिन्यात खोकल्यावरचं जवळजवळ थांबलं, घाई अजून आहे. ती आता कपडा दोरीवर उघडा वाळत घालते. तिच्या सुनेनं विचारलं, तेव्हा तिनं तिलाही सांगितलं. सून म्हणाली, "माह्यंही होते ना, दुसऱ्याच्या वक्तापासून." एकाच छताखाली दोघी एकमेकींपासून घड्या लपवत होत्या.

ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यात शिकणाऱ्या पोरापोरींसमोर आमच्या बाया येतील आणि कंबर दुखते म्हणून सांगतील. तेव्हा त्यांनी गोळ्या लिहायच्या आधी विचारावं: लघवी निसटते का? खोकलल्यावर जाते, का घाई झाल्यावर, का दिवसभर झिरपते? लेकरं किती, अडली होती का? अंग बाहेर येते का? लघवीत रक्त, जळजळ? शुगर पाहिली का? हे विचारताना खोलीच्या दाराला पडदा असावा, सोबत आलेल्या मुलाला, नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवावं, आणि पहिल्या प्रश्नाला बाई "नाही" म्हणाली तरी थोडं थांबून, आवाज खाली करून, तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारावा.