वाळू गेली त्या वाटेनं

“सर, नीरु सोर्ता इदे.”

मार्च २०२४. वॉचमननं मला खाली बोलावलं ते पाणी गळतंय म्हणून, आणि त्याचा चेहरा असा, की टँकरची तोटी मीच उघडी टाकून झोपलो होतो. त्या महिन्यात महादेवपुऱ्यात दुसरा विषयच नव्हता. बोअर आटलेल्या, लिफ्टमध्ये टँकरच्या वेळा चिकटवलेल्या, आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड. माझ्या गाडीखाली तळहाताएवढं हिरवट ओलं. बोट लावून वास घेतला. गोडसर. कूलंट आहे, पाणी नव्हे, असं मी सांगितलं. त्याला तो फरक काही पटला नाही.

गाडी बाबांची. १९९६ ची मारुती ८००, केए-२२, म्हणजे आमची बेळगावची. बाबांचे गुडघे बोलायला लागले तशी ती माझ्याकडे आली. तिची कुरबुर तशी जुनीच. के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाशी रांगेत अडकलं, की समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर, आणि काटा हळूहळू वर. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून इंजिनातलं उकळत नाही. मात्र जो दाब उकळी थोपवतो तोच बारीकशा फटीतून पाणी बाहेर ढकलतो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी डाग बरोबर वॉटर पंपाखाली. पंपाला कारखान्यातूनच एक बारीक भोक ठेवलेलं असतं; आतलं सील गेलं की थेंब तिथून बाहेर येतात, बेअरिंगमध्ये शिरत नाहीत. गळतीची वर्दी मिळावी म्हणून मुद्दाम पाडलेलं भोक! ज्याला हे सुचलं त्याला नमस्कार. मी आरशानं पाहिलं. भोक कोरडं ठणठणीत.

एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपात सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. गॅस्केट गेलं असतं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला असता, ऑइल ताकासारखं झालं असतं. दोन्ही नव्हतं. शंका काढली तर समोरचा तरुण टॅबलेटकडे बघत राहिला.

शेवटी गरुडाचारपाळ्यातलं एका शटरचं गॅरेज. भाईंनी बॉनेट उघडलं, माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पानी जां दिखता, वां से नईं निकलता, साब.” इंजिन गार होतं. त्यांनी रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला आणि चार-सहा दट्टे मारले. काटा चढला, थांबला आणि मग मिनिटाच्या काट्यासारखा, सरकताना न दिसता, खाली आला. भाईंनी टॉर्च तोंडात धरली, ब्लॉकच्या मागच्या अंगाला आरसा घातला आणि मला खुणेनं वाकायला सांगितलं. मॅनिफोल्डखाली रुपयाहून मोठी एक गंजकी चकती. तिच्या कडेला मिठासारखा पांढरा पापुद्रा. त्याच्या टोकाशी एक थेंब जमत होता. फुगला, ओघळला, ब्लॉकच्या अंगावरून कडेकडेनं पुढं गेला आणि पंपाच्या खाली येऊन टपकला.

कोअर प्लग. रात्री बाबांना फोन केला तर ते एकदम खुलले. उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्यांची हयात गेलेली. “अरे, ती तर आमची वाट!” ब्लॉकमध्ये पाणी फिरायला पोकळी हवी, म्हणून साच्यात वाळूचा कोर बसवायचा आणि भोवती लोखंडाचा रस ओतायचा. थिजला की आतली वाळू फोडून काढायची. ती निघाली त्या भोकांवर मग ही पत्र्याची वाटी ठोकून बसवायची. काही लोक तिला फ्रीझ प्लग म्हणतात, पाणी गोठून फुगलं तर ती सुटून ब्लॉक वाचेल या समजुतीनं. आमच्याकडं काय गोठणार!

“आणि कुठलं पाणी घालालाइस त्यात?” बाबांनी दरडावलं. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतः अंगणातल्या बोअरचंच घातलं होतं. मी गप्प बसलो.

भाईंनी प्लगच्या एका कडेला छिन्नी लावून हातोडी मारली. तो आडवा फिरला. पकडीनं ओढून काढला. मागून तांबडा गाळ आला, चहाच्या चोथ्यासारखा. बैठक पॉलिशपेपरनं घासली, नवा पितळी प्लग सिलंट लावून सॉकेटनं ठोकला, आतून पाणी मारून गाळ काढला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं. परत हातपंप. काटा हलला नाही. चहा पिऊन आलो तरी तिथंच.

जुना प्लग मी मे महिन्यात बेळगावला नेला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, अंगठ्यानं गंज चोळला आणि तो खिडकीच्या उजेडासमोर धरून एक डोळा मिटला.

“दिसतंय,” ते म्हणाले. “सुईच्या टोकाएवढं.” मग मलाही दाखवलं.