नऊ की दहा?

भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि इथेच सामना संपतो. कारण समोरचा संघ मैदान सोडून निघून गेला.

फर्स्ट क्लास क्रिकेटमधला सर्वोच्च स्कोअर तेव्हा डॉन ब्रॅडमनचा होता, १९३० मधला नाबाद ४५२. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. त्यांच्या संघाचं नाव असल्या विक्रमाला चिकटू नये, असं त्यांना वाटत होतं म्हणतात. महाराष्ट्राने अजून दोन षटकं मागून पाहिली. ते ऐकले नाहीत.

ही गोष्ट सगळीकडे 'नऊ धावा कमी पडल्या' अशीच सांगतात. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे खटकतं. नऊ धावांनी बरोबरी झाली असती. मोडायला दहा लागल्या असत्या. 'पेक्षा मोठा' आणि 'पेक्षा मोठा किंवा समान' यात आम्ही रात्री घालवल्यात.

अमळनेरला बोरीच्या कोरड्या पात्रात आम्ही खेळायचो, तेव्हा ज्याची बॅट तो घरी गेला की मॅच संपली. त्यामुळे ठाकोरसाहेबांवर मला फार रागावता येत नाही. ४९ चौकार अडवायला धावणारी पोरं त्यांचीच होती. भांडारकरांनी दुसऱ्या बाजूने २०५ काढलेल्या, दोघांची भागीदारी ४५५ ची. ५८८ ची आघाडी झाल्यावर काठियावाडसाठी त्या मॅचमध्ये उरलं काय होतं? तरी दोन षटकं थांबायला हवं होतं, हेही खरंच.

पण हळहळ चुकीच्या जागी खर्च होते असं वाटतं. ब्रॅडमनचा आकडा १९५९ मध्ये हनीफ मोहम्मदने ४९९ करून मोडलाच. १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१ केल्या. म्हणजे भाऊसाहेबांचा विक्रम झाला असता, तरी दहा-अकरा वर्षंच टिकला असता. भारतीयांमध्ये मात्र ते आजही पहिले आहेत. २०२३ मध्ये पृथ्वी शॉ ३७९ वर बाद झाला, तेव्हा फोनवर स्कोअर रिफ्रेश करत मी चक्क 'आऊट हो' म्हणत होतो.

खरा हिशेब दुसरा आहे. हा माणूस भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. एकही नाही! नऊ धावा काठियावाडने नेल्या. कसोटीची टोपी कुणी नेली, ते कुठल्या धावफलकात सापडत नाही. तिथे कुणी उठून गेलं नाही, फक्त बोलावणं आलं नाही.

खान्देशातल्या पोराला रणजी खेळायची तर याच 'महाराष्ट्र' संघातून. वाट पुण्यावरून जाते. माझा एक मित्र, आमच्यातला सर्वात चांगला बॅट्समन, रात्रीच्या गाडीने निवड चाचणीला जायचा. तीन वर्षं गेला. आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे. भाऊसाहेबांची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा स्क्रीनगार्ड लावता लावता त्याने एवढंच विचारलं, "मग पुढच्या मॅचला किती काढले त्यांनी?"

भाऊसाहेब डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापूरला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षं पूर्ण झाली असती.