बॅचलर पार्टी, मु. पो. नारायणगाव

ग्रुपमधल्या शेवटच्या बॅचलरची विकेट पडणार हे नक्की झालं आणि त्याच रात्री प्लॅनिंग सुरू झालं. पहिला प्रस्ताव होता थेट प्राग! (हल्ली कुणाचा तरी मावसभाऊ जाऊन आलेला असतोच.) स्वस्त विमानं पकडून ब्रिटिश पोरं लग्नाआधी जिथे धुडगूस घालायला जातात, तीच ही गावं. पण मंडळी, ती गावंही आता वैतागलीत. अ‍ॅमस्टरडॅमनं २०२३ मध्ये ब्रिटिश तरुणांसाठी खास जाहिरात मोहीम काढली, मजकूर थोडक्यात असा की 'धिंगाणा घालायचा असेल तर येऊच नका'. प्रागनं २०२४ च्या ऑक्टोबरात रात्री दहा ते पहाटे सहा गाइड घेऊन निघणाऱ्या पबवाऱ्या बंद केल्या. आमच्या प्रागला मात्र व्हिसाआधीच बँक बॅलन्सनं बंदी घातली. मग गोवा. मग लोणावळा. शेवटी पुण्यापासून पंचाहत्तर किलोमीटरवर एकमत झालं: नारायणगाव.

आता खरी अडचण सांगतो. आमचा नवरदेव माळकरी. हिंजवडीत कोडिंग करतो, पण गळ्यात तुळशीची माळ. मटण नाही, अंडं नाही, दारू तर नाहीच. कांदा-लसूण चालतो, पण एकादशीला तोही नाही. बाकी आम्ही सहाजण कसे, ते विचारू नका. म्हणजे ज्याची पार्टी, त्यानंच सगळ्यांना संभाळून घेत कोपऱ्यात बसायचं, असा सीन. गेली आठ वर्षं हा सीन चालू आहे. ट्रेकला, ऑफिसच्या पार्टीला, थर्टीफर्स्टला. तो कधी काही बोलत नाही. आणि तो बोलत नाही म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चाकणचं ट्रॅफिक पार करून (या वाक्यामागे पावणेदोन तास आहेत) रात्री एका रिसॉर्टला पोचलो. 'बॅचलर पॅकेज' होतं. अनलिमिटेड स्टार्टर्स, डीजे, वर लाल-निळे दिवे. पनीर टिक्का आणि चिकन टिक्का एकाच जाळीवर, एकाच चिमट्यानं उलटत होते. नवरदेवानं ते बघितलं, काही न बोलता दहीभात मागवला आणि फोनवर होणाऱ्या बायकोशी बोलत बसला. आम्ही नाचलो. सकाळी बिल बघितलं तेव्हा कळलं की अनलिमिटेडलाही लिमिट असते.

शनिवारी उजाडता शिवनेरी. सात दरवाजे चढताना रात्रीचा सगळा हिशोब शरीर वसूल करतं. वर शिवजन्मस्थानाशी सगळे आपोआप गप्प झाले. उतरताना भूक अशी लागली की बोलायची सोय नाही, आणि तिथेच एकानं विषय काढला, "आज तरी याला जेवू घालू या रे."

जुन्नर-आंबेगावात 'जेवू घालणं' म्हणजे मासवडी! नावात मास असलं तरी मामला शंभर टक्के शाकाहारी. आडवी कापलेली वडी माशाच्या तुकड्यासारखी दिसते, म्हणून म्हणे हे नाव. नारायणगाव, मंचर, जुन्नरकडे हॉटेलांच्या पाट्यांवर मटण भाकरीच्या शेजारी त्याच मापाच्या अक्षरात मासवडी लिहिलेली दिसते. दोन्हींबरोबर बाजरीची भाकरी, दोन्हींचा रस्सा तितकाच झणझणीत. एकाच टेबलावर माळकरी आणि मटणवाला दोघंही घाम पुसतायत, असं दृश्य इथे रोजचं. आम्हाला पुण्याहून येऊन शोध लागला एवढंच.

ओळखीतून एक घरगुती खानावळ मिळाली. फोन केला तर मावशी म्हणाल्या, "आत्ता लगेच नाही व्हायची. किती जण? संध्याकाळी सातला या." आम्ही मात्र पाचलाच जाऊन बसलो, म्हणून सगळा खेळ बघायला मिळाला.

आधी सारण. सुकं खोबरं, तीळ, खसखस खरपूस भाजलेली, कांदा परतलेला, लसूण, कोथिंबीर, घरचा मसाला. मग मोठ्या पातेल्यात फोडणीचं आधण ठेवलं आणि त्यात बेसन वैरायला घेतलं. एका हातानं पीठ, दुसऱ्या हातात लाटणं, आणि ते गरगर फिरवणं थांबलं की गुठळी झालीच म्हणून समजा. पिठल्याहून घट्ट, चकचकीत गोळा झाला की पाटावर ओलं सुती फडकं अंथरायचं आणि गोळा गरम असतानाच त्यावर थापायचा. गरम म्हणजे हाताला चटका बसेल असा! गार झाला तर थापताना चिरतो आणि वडी फुटते. मावशी दर दोन थापांनंतर हात पाण्यात बुडवत होत्या. आमच्यातल्या एका शूरवीरानं "मी करू का?" विचारलं आणि एका थापेत माघार घेतली. पातळ थराच्या मधोमध सारणाची रास, मग फडक्याच्या दोन्ही कडा उचलून अलगद मिटवायचं, वरून दाबून माशाच्या पाठीसारखा उंचवटा द्यायचा. फडकं काढलं की लांबलचक वडी. ती निवेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही.

"कुणाचं लगीन?" मावशींनी विचारलं. नवरदेवाकडे बोटं गेली. त्यांनी माळ बघितली, "मग हे केळवण म्हणा की!" म्हणाल्या आणि आत जाऊन पाट, रांगोळी घेऊन आल्या.

बॉस, इथे आम्ही सगळे क्लीन बोल्ड! बॅचलर पार्टी, स्टॅग वीकेण्ड असलं काही गुगल करत बसलो होतो, आणि लग्नाआधी माणसाला बोलावून त्याच्या आवडीचं खाऊ घालायची पद्धत आपल्याकडे कधीपासूनच आहे. फरक एवढाच की केळवणात उत्सवमूर्तीची फजिती करत नाहीत, त्याला आग्रह करतात. आमच्या आठ वर्षांत आम्ही याला एकदाही आग्रह केला नव्हता.

त्या रात्री सहाजणांनी मटण मागवलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण नाही मागवलं. वडी आधी कोरडीच खायची, मग रस्सा वरून घ्यायचा. आधीच बुडवून ठेवली तर ती विरघळते आणि मावशी रागावतात. भाकरी मात्र बिनधास्त कुस्करा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा काळपट रस्सा, वर लाल तर्री, तोंडी लावायला कांदा आणि लिंबू. नवरदेव पाटावर, आम्ही खाली सतरंजीवर. तो तिसऱ्या भाकरीवर होता तेव्हा एकानं विचारून टाकलं, "इतकी वर्षं तुला कंटाळा नाही का रे आला आमच्याबरोबर दहीभात खाऊन?" तो म्हणाला, "दहीभाताचा आला." आणि चौथी भाकरी मागितली.

निघताना दहा वाजले. "उसाच्या कडेला गाडी थांबवून उतरू नका," मावशींनी बजावलं. विनोद नव्हता तो. हा सगळा ऊसपट्टा बिबट्यांचा आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. लघुशंकेचे सगळे बेत तिथेच रद्द झाले.

गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा होता, त्यामुळे नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या होत्या. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गावोगावचे पंच इथे येऊन यात्रेसाठी फड ठरवतात, म्हणजे सुपारी देतात. आमच्या नवरदेवाची सुपारी केव्हाच फुटली होती, हा जोक रात्री किमान अकरा वेळा झाला.

रविवारचं थोडक्यात. परतताना मंचरला आत वळून घोडेगावमार्गे डिंभे धरण. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते मूळचं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. काठावर बसून शेवटच्या हंगामाची काळी द्राक्षं संपवली आणि सुटलो.

जाणार असाल तर दोन गोष्टी. हायवेचं नवं बाह्यवळण तुम्हाला नारायणगाव न दाखवताच पुढे नेतं, तेव्हा फाट्यावर लक्ष ठेवा. आणि मासवडी आदल्या दिवशी फोन करून सांगा, माणसं किती, भाकरी किती, तेही.

आमच्या बिलात मावशींनी सहाच ताटं लावली होती. "केळवणाचं ताट कुणी विकतं का?" वर नवरदेवाच्या हातात टॉवेल-टोपी दिली आणि होणाऱ्या बायकोसाठी चार वड्या केळीच्या पानात बांधून दिल्या. रविवारी रात्री त्या सासुरवाडीला पोचल्या. तीन अख्ख्या होत्या. चौथीबद्दल चाकणच्या ट्रॅफिकला विचारा.