मोटारीचें नाक

मनुष्य अन्नाचा हिशेब ठेवतो, हवेचा ठेवीत नाहीं. वाण्याची उधारी, दुधाचा रतीब, भाजीचा चढलेला भाव यांचीं टिपणें घरोघर सांपडतील. परंतु दिवसभरांत आपण श्वास किती घेतले याची नोंद करणारा गृहस्थ अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. फुकट मिळणाऱ्या वस्तूची मोजदाद कोण करणार? मोटारीच्या बाबतींतहि आपली रीत हीच. पेट्रोलचा भाव सर्वांस मुखोद्गत असतो. पण एक लिटर पेट्रोल नीट जळावयास हवा किती लागते असें विचारलें, तर जन्मभर गाडी हांकलेला मनुष्यहि गप्प बसतो. वास्तविक पेट्रोलच्या एका भागास वजनानें हवेचे सुमारे पावणेपंधरा भाग लागतात. म्हणजे जेमतेम पाऊण किलो भरणाऱ्या एका लिटराबरोबर हें यंत्र अकरा किलो हवा गिळतें. आणि अकरा किलो हवा म्हणजे सुमारें नऊ हजार लिटर! गच्चीवरची हजार लिटरांची टांकी नऊ वेळां रिकामी करावी, एवढा हा घोट आहे.

खुराक असा दांडगा असल्यामुळें, मोटारीचें नाक मोठें केलें म्हणजे तिचें बळ वाढेल, ही कल्पना कोणाच्याहि मनांत सहज यावी. ती आमच्या पुतण्याच्या मनांत आली, आणि येतांना अठ्ठावीस हजार रुपयांचें अंदाजपत्रक बरोबर घेऊन आली.

आम्ही चामटोलीस राहतों. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यांत हें गांव आहे. आमची गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरांची, बाराशें सी. सी. ची; वय वर्षें नऊ. वर्षाचे बहुतेक दिवस ती आम्हांस बदलापूरच्या स्टेशनापर्यंत पोंचविते आणि परत आणते. मात्र मातुःश्री पुण्यास थोरल्या बंधूंकडे असल्यामुळें वर्षांतून पांच-सहा वेळां कर्जत-खोपोलीवरून बोरघाट चढावा लागतो, आणि तेथें तिला धाप लागते. पांच माणसें, मागें सामान, आंत थंड हवेचें यंत्र चालू, आणि पुढें गोगलगायीसारखा सरपटणारा मालट्रक! मागल्या खेपेस त्यास ओलांडावयास गेलों तों गाडीनें अर्ध्यावरच दम टाकला; समोरून बस येत होती, म्हणून पुन्हां ट्रकच्या मागें यावें लागलें. कोणास इजा झाली नाहीं, पण पुढचे चार मैल गाडींत कोणी बोललेंहि नाहीं.

पुतण्या त्या वेळीं आमच्या शेजारींच बसला होता. तो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे, आणि यंत्रावर त्याचा जीव आहे. आठ दिवसांनीं तो म्हणाला, "काका, गाडी चांगली आहे, पण तिला श्वास पुरत नाहीं." उपाय तीन होते. हवा आंत घेणारी नळी रुंद करून तिचें तोंड थंड हवेसाठीं बंपरच्या मागें खालीं आणणें. कागदी फिल्टर काढून तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसविणें. आणि हेड उतरवून आंतील वाटा घासून गुळगुळीत करणें. बळ वाढेल आणि पेट्रोलहि वांचेल, असें गॅरेजवाल्याचें आश्वासन होतें. अडचण एवढीच कीं ती रक्कम चार टायर आणि ब्रेक बदलण्यासाठीं बाजूस ठेविलेली होती. एकाच पैशांतून एक तर गाडी लवकर पळेल, किंवा लवकर थांबेल. दोन्ही होणें नव्हतें. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्हांस थोडा खोलांत जाऊन करावा लागला.

प्रथम पेट्रोलची गोष्ट. पेट्रोल-गाडीच्या श्वासनलिकेंत एक झडप असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे ती उघडते, सोडला म्हणजे मिटते. स्टेशनाच्या रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या आणि खड्डे यांच्यामधून जातांना ती झडप बहुतेक मिटलेलीच असते. म्हणजे गाडीचा गळा आंवळणारा दुसरा कोणी नसून चालकाचाच पाय होय. दार बोटभर उघडावयाचें असतां अंगण रुंद करून अधिक पाहुणे आंत कसे येणार?

मग हवा मोकळी केली म्हणजे पेट्रोल वांचतें, हा समज आला कोठून? तो अगदींच निराधार नव्हता. आमच्या तीर्थरूपांजवळ कुर्ल्यास तयार झालेली प्रीमियर पद्मिनी होती. एंजिन १०८९ सी. सी. चें, आणि त्यावर कार्बुरेटर. कार्बुरेटर हा भोळा प्राणी. फिल्टर चोंदला कीं तो हवेच्या मानानें पेट्रोल अधिक सोडी आणि गाडी काळा धूर ओके. अशा वेळीं मिस्त्रीनें फिल्टर झटकला, जेट फुंकून साफ केले, कीं गाडी खरोखरच सुधारे. आतांच्या गाडींत संगणक आहे. तो आंत येणारी हवा अजमावतो, बाहेर पडणाऱ्या धुरांत प्राणवायु किती उरला तें तपासतो, आणि त्याप्रमाणें पेट्रोलचें माप क्षणोक्षणीं बदलतो. अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं हीच परीक्षा केली. आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले, तरी पेट्रोलच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. जोरांत वेग घेण्याची शक्ति मात्र कमी झाली. चोंदलेल्या नाकानें जर खर्च वाढत नाहीं, तर धडधाकट नाक रुंद करून तो कमी होईल, ही आशा आम्हीं सोडून दिली.

राहिला घाट. येथें पुतण्याची बाजू बळकट होती, हें मान्य केलें पाहिजे. घाटांत पाय शेवटपर्यंत दाबलेला असतो, झडप पूर्ण उघडी असते, आणि त्या वेळीं जितकी हवा तितकें बळ हा हिशेब खरा ठरतो. परंतु किती? फिल्टर स्वच्छ असला तर कारखान्याच्या नळींतून येतांना हवेच्या दाबांत पडणारी तूट साधारणतः शंभरांत दोन-तीन भागांची असते. नवी नळी फार तर या तुटीचा कांहीं अंश परत देईल. उलट खंडाळ्याच्या उंचीवर खुद्द हवाच समुद्रकांठच्या मानानें शंभरांत सुमारे पांच भाग विरळ झालेली असते. आंतील वाटा घासण्याचें काम शर्यतींच्या गाड्यांवर मापें घेऊन करतात, आणि त्याचें फळ एंजिन अतिशय वेगानें फिरूं लागल्यावर मिळतें. ट्रकच्या मागें रखडणाऱ्या गृहस्थास तें मिळणें कठीण.

हा हिशेब ऐकून सौभाग्यवतींनीं विचारलें, "शंभरांत तीन म्हणजे वजनांत किती?" नऊशें किलोची गाडी, पांच माणसें आणि सामान मिळून भार तेराशें किलोंच्या घरांत जातो, त्याचे शंभरांत तीन म्हणजे सुमारे चाळीस किलो. "मग सासूबाईंसाठीं नेतों तें तांदळाचें पोतें आणि दोन फणस घरीं ठेवले तर?" अठ्ठावीस हजारांचें काम एका पोत्यानें आणि दोन फणसांनीं होतें, हें ऐकून पुतण्याचें तोंड पाहण्यासारखें झालें! त्यांत आणखी एक फुकटचा उपाय आहे. तिसरा गिअर सोडून वेळींच दुसरा घातला, तर गाडीचा वेग तोच राहून एंजिनाचे फेरे सुमारे दीडपट होतात. म्हणजे मिनिटास श्वासहि जवळजवळ दीडपट. दोन-तीन भागांसाठीं नळी बदलण्यापेक्षां चालकानें डावा हात हालवावा, हें केव्हांहि स्वस्त.

"पण काका, आवाज तरी ऐका!" पुतण्या म्हणाला, आणि आपल्या मित्राची तसें नाक बसविलेली गाडी दारांत आणून त्यानें ती गुरगुरवून दाखविली. आवाज खरोखरच रुबाबदार होता. मूळच्या गाडींतील ती ओबडधोबड दिसणारी फिल्टरची पेटी केवळ धूळ अडवीत नाहीं, श्वासाचा घोरहि गिळते. ती काढली कीं एंजिन गर्जूं लागतें, आणि गर्जना ऐकली कीं आपण वेगानें चाललों आहों असें कानास वाटतें. या सुखास आम्ही हंसत नाहीं. कोणी दागिन्यावर खर्च करतो, कोणी गाण्याच्या बैठकीवर. तरुणानें यंत्राच्या आवाजावर केला तर काय बिघडलें? फक्त तो खर्च हौसेच्या खात्यावर लिहावा, सुरक्षिततेच्या नव्हे.

तरीहि पारडें आमच्या मतें जें निर्णायक झुकलें तें या गांवामुळें. येथें पाऊस सरला कीं वीटभट्ट्यांची आणि नव्या बांधकामांची धूळ उडूं लागते. ज्या जाळींतून हवा अधिक सुखानें जाते, तिच्यांतून धूळहि बहुधा अधिक जाते, आणि ती सिलिंडरास आंतून घासते. धुळीपेक्षांहि मोठा प्रश्न पाण्याचा. २०१९ सालच्या जुलै महिन्यांत, २७ तारखेस, मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस याच चामटोलीजवळ पुराच्या पाण्यांत अडकून पडली होती. एक हजाराहून अधिक प्रवासी गाडींत होते; राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनीं आणि आसपासच्या गांवकऱ्यांनीं मिळून त्यांस सुखरूप बाहेर काढलें. जेथें आगगाडी पाण्यांत उभी राहते, तेथें मोटारीचें नाक खालीं बंपरच्या मागें आणून ठेवणें म्हणजे काय, याचा विचार करावा.

हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. आमच्या गाडीचा एकेक सिलिंडर तीनशें सी. सी. चा, पिस्टन पार वर गेला म्हणजे त्याच्या डोक्यावर उरणारी जागा तीस-पस्तीस सी. सी. असते. पोहे खाण्याचे चार चमचे पाणी त्या जागेंत मावणार नाहीं. तेवढें पाणी नळीनें ओढलें गेलें, तर वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा थबकतो आणि खालचा पोलादी कनेक्टिंग रॉड वांकतो. मग अठ्ठावीस हजारांची गोष्टच राहत नाहीं. सबंध एंजिन खोलावें लागतें, आणि तें नुकसान भरून मिळावें म्हणून विम्यांत बहुधा निराळी पुरवणी घेतलेली असावी लागते. कारखान्यानें नळीचें तोंड बॉनेटखालीं उंचावर ठेविलें, तें थंड हवेचें महत्त्व ठाऊक नव्हतें म्हणून नव्हे. नाक कोठें असावें हें ठरवितांना त्यानें वासाबरोबर पाण्याचाहि विचार केलेला दिसतो. मगरीनें आणि म्हशीनें तो फार पूर्वींच केलेला आहे.

शेवटीं टायर आणि ब्रेक बदलले. काहीशें रुपयांचा नवा कागदी फिल्टर आणला, आणि तो पुतण्यानेंच आपल्या हातानें बसविला. जुन्याच्या घड्यांत विटांची तांबडी धूळ आणि एक वाळलेला गांधीलमाशीचा पंख निघाला. घाट चढतांना आतां थंड हवेचें यंत्र बंद करतों, गिअर वेळेवर बदलतों, आणि रस्ता स्वच्छ दिसल्यावांचून ट्रकच्या मागून हलत नाहीं. मातुःश्रींनीं तांदूळ बंद होऊं दिले नाहींत. फणस मात्र दोहोंचा एक झाला आहे.

अंदाजपत्रकाचा तो कागद पुतण्यानें फाडलेला नाहीं. पुढेंमागें स्वतःच्या कमाईची गाडी घेईन तेव्हां पाहीन, असें तो म्हणतो. त्या गाडीस तो कसलें नाक लावील, याविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तें जमिनीपासून किती उंच आहे, एवढें मात्र आम्ही एकदां वांकून पाहूं.