मुक्काम वऱ्हाडात

वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला मी विद्यार्थिदशेत फिरू लागले, आणि आता लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन फिरते. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी गावात पोचायची वेळ लिहायला लावते. कमी पैशांत राहायचं तर दिवसाउजेडी पोचलं पाहिजे. रात्री दहाला पाठीवर बॅग घेऊन उभ्या राहिलेल्याला लॉजवाला सांगेल तो भाव मुकाट्याने द्यावा लागतो. दुपारी चारला उतरलेला चार ठिकाणी विचारतो, खोली बघतो, नळ सोडून बघतो.

पहिला प्रश्न असा: चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? संध्याकाळी सहाला आलेल्याचं दुसऱ्या दिवशीचं काम चोवीस तासांच्या हिशेबात बसतं. बाराच्या हिशेबात त्याच कामाला दोन भाडी पडतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त मिळते. ती घेऊ नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो, गादीसुद्धा पाठीला चटका देते. खालची खोली मागावी आणि कूलरच्या टाकीत डोकावून पाहावं. पाणी नसेल, पाणी चढवणारा टिल्लू पंप बंद असेल, तर ताट्या कोरड्याच राहतात आणि अंगावर गरम वारा येतो. दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जमिनीतलं पाणीच खारं. पिण्याचं आधी भरून घ्यावं.

जेवण दुपारी पोटभर करावं, तेही बाजार समितीच्या किंवा एसटी स्टँडच्या आसपास, जिथे माल घेऊन आलेले शेतकरी बसतात तिथे. थाळी भरपेट आहे की मोजकी, हे बसायच्या आधी विचारावं. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर थेट ताटात येते, शेजारी तर्रीसकट वांग्याची भाजी, फोडलेला कांदा, ठेचा. मी हात आखडता घेतला की वाढणाऱ्या काकू म्हणायच्या, “घे नं माय, लाजतेस कायले?” एवढं जेवल्यावर रात्री आलूबोंड्यावर भागतं. सरकारची १० रुपयांची शिवभोजन थाळी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. पोळ्या, भाजी, वरण, भात. पण तीही दुपारच्या ठरावीक वेळेत आणि ठरावीक संख्येतच मिळते. शेगावला, अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत, गजानन महाराज संस्थानात महाप्रसादाची पंगत असते. तिथे ताटात टाकायचं नाही, हे मी मुलांना गाडीतच बजावते.

परक्या गावात गरिबाला पाठ टेकायला जागा असावी, याचा विचार आपल्या भागात फार आधी झाला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली. गाडगेबाबा स्वतः हातात झाडू घेऊन गावं झाडत, म्हणून धर्मशाळेतली खोली सोडताना झाडू मारून निघायचं, ही माझी अट आहे. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांच्या समाधीपाशी मुलांना नेते तेव्हा ती वेगळी समजवावी लागत नाही.

मुलींचं मात्र अवघड आहे. एकट्या मुलीला खोली द्यायला अनेक लॉजवाले आजही नकार देतात, आणि बरीच भक्तनिवासं एकट्या माणसालाच खोली देत नाहीत. हा नकार मला विद्यार्थिदशेत फार लागायचा, आज माझ्या विद्यार्थिनींना मिळतो तेव्हा जास्त लागतो. त्यावर मला सापडलेला चांगला उपाय म्हणजे त्या गावातल्या महाविद्यालयाचं मुलींचं वसतिगृह. सुटीत तिथल्या खोल्या रिकाम्या असतात. आपल्या विभागप्रमुखांचं पत्र आठवडाभर आधी पाठवावं. त्यात मुलींची नावं, मुक्कामाच्या तारखा, सही, शिक्का हवाच. शिवाय जेवणाचे पैसे मेसमध्ये रोज रोख देऊ, असं एक वाक्य हवं. मेस चालवणाऱ्या बाई आधी तेच वाचतात.