आता मी खुशाल हिंट घेतो

हिंट घेऊन अ‍ॅडव्हेंचर गेम संपवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. त्याने गेम खेळलाच नाही, असं मी म्हणायचो. कोडं सोडवायचं तर स्वतःच्या डोक्याने, नाहीतर कॉम्प्युटर बंद करून झोपावं. चारचौघांत विषय निघाला की हे बोलून दाखवायचो आणि बोलताना आवाजही जरा चढायचा. आता ते मत राहिलेलं नाही. अर्थात ते एकदम गेलं नाही, आणि त्याचा थोडा अंश अजून शिल्लक आहे.

निमित्त झालं ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’चं. हा 1990 चा गेम, लुकासफिल्म गेम्सचा. कल्पना रॉन गिल्बर्टची, लिहायला जोडीला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन. गायब्रश थ्रीपवूड नावाचा एक भाबडा पोरगा कॅरिबियनमधल्या बेटावर उतरतो आणि भेटेल त्याला सांगत सुटतो की मला समुद्री चाचा व्हायचंय. तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध अशा तीन परीक्षा त्याला द्याव्या लागतात. 2009 मध्ये लुकासआर्ट्सने याची स्पेशल एडिशन काढली. चित्रं नव्याने रंगवली, पात्रांना आवाज दिले, संगीत पुन्हा वाजवून घेतलं. ती इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवून घेता येत होती. शिवाय कीबोर्डवरच्या दोन कळांना नवी कामं दिली. एफ10 दाबलं की नवं चित्र जाऊन त्याच जागी जुना, ठिपक्याठिपक्यांचा गेम समोर येतो. आणि एच दाबलं की हिंट मिळते. पहिली मोघम, दुसरी जरा स्पष्ट, तिसरी म्हणजे थेट उत्तरच.

एफ10 वर मी बेहद्द खूश होतो. एच कडे मात्र ढुंकूनही बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

या ठरवण्यामागे जुनी ऐट होती. आमच्याकडे हा गेम आला तो एका कॉम्प्युटर क्लासमधून, कॉपी केलेल्या फ्लॉप्यांवर. मॅन्युअल नाही, काही नाही. अमेरिकेतल्या मुलांना अडल्यावर कंपनीच्या हिंट लाइनला फोन करता येत होता. आम्हाला फार तर शेजारच्या गल्लीतल्या मित्राला विचारता यायचं, आणि तोही तिथेच अडकलेला असायचा. जंगलात एक झाडाचा बुंधा आहे. त्याच्याकडे बघा म्हटलं की गायब्रश म्हणतो, इथून खाली भुयारं आहेत. आणि पडद्यावर फर्मान येतं की डिस्क 22 घाला. मग 36. मग 114. हा लेखकांचा विनोद होता. अमेरिकेतसुद्धा लोक तो खरा समजून कंपनीला फोन करायला लागले, म्हणून पुढे सीडीवर आलेल्या आवृत्तीतून तो काढून टाकला. आम्ही तर चोरीच्या कॉपीवर खेळणारे! उरलेल्या डिस्का क्लासवाल्याने दाबून ठेवल्यात, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

तर असे दिवस काढून गेम संपवलेला माणूस एच दाबेल का?

दाबला. तलवारबाजीची जी गुरू आहे, ती जंगलात कुठेतरी राहते. तिचं घर काही केल्या सापडेना. मी नकाशावर फिरलो, जंगलात गोल गोल हिंडलो, सगळ्यांशी पुन्हा बोललो. शेवटी रात्र बरीच झाली, सकाळी ऑफिस होतं, आणि बोट गेलं एच वर. हिंटवरून ध्यानात आलं की दुकानदाराकडे तिची चौकशी करायची, तो दुकान सोडून तिला विचारायला निघतो, आणि आपण गुपचूप त्याच्या मागोमाग जायचं. पटकन आठवलं, की लहानपणी हे मी मुळी सोडवलंच नव्हतं. दुकानात जे दिसेल त्याला हात लावून, जे बोलता येईल ते बोलून पाहत होतो, त्यात म्हातारा बाहेर पडला आणि मी नुसती मजा म्हणून त्याच्या मागे गेलो. पडद्याखाली क्रियापदांची यादी असते: उघड, ढकल, ओढ, दे, उचल वगैरे. प्रत्येक क्रियापद प्रत्येक वस्तूला लावून पाहायचं, हाच आमचा बहुतेक वेळचा ‘विचार’. मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडी तारेला अडकवून समोरच्या बेटावर घसरत जायचं, हे मी म्हणे तर्काने ओळखलं होतं! पिशवीतली एकेक वस्तू त्या तारेला लावत गेलो आणि कोंबडीची पाळी आल्यावर ती चालली, एवढंच.

इथून माझी कडक भूमिका ढिली पडायला लागली.

पण सगळीच कोडी तशी नाहीत. एके ठिकाणी गायब्रशला जड मूर्तीला दोरीने बांधून समुद्रात फेकून देतात. तळाशी त्याच्या भोवती सुऱ्या, तलवारी, करवती, दोरी कापता येईल अशी हत्यारं विखुरलेली, आणि एकूण एक हाताच्या टप्प्याबाहेर. दहा मिनिटं श्वास रोखून धरता येतो, ही त्याची एकच फुशारकी, आणि ती खरी आहे. दहा मिनिटं खरोखर घालवली तर तो मरतो. सुटका कशात आहे? मूर्ती उचलायची आणि चालत वर यायचं! ती मूर्ती त्याने स्वतःच खिशात घालून आणलेली असते. इथे एच दाबणाऱ्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण त्या हत्यारांकडे हताशपणे बघत बसण्यातच सगळी गंमत आहे.

आणि तलवारबाजी. तिच्यात हिंटचा फारसा उपयोगच नाही. या गेममध्ये तलवारीने कुणी जिंकत नाही. समोरच्याने अपमान केला की त्याला चपखल उत्तर द्यायचं, नाहीतर मागे सरायचं. नळावरच्या भांडणासारखा प्रकार. यातल्या टोमण्यांना विज्ञानकथाकार ऑर्सन स्कॉट कार्डचाही हात लागलेला आहे. नवा टोमणा शिकायचा तर आधी तो खाऊन हरावं लागतं. मग तोच दुसऱ्या चाच्यावर टाकायचा आणि तो काय उत्तर देतो ते पाठ करायचं. गुरूसमोर उभं राहिलं की ती अगदी वेगळे टोमणे मारते, पण उत्तरं तुमच्याकडे असतात तीच. कुठलं कुठे बसतं ते तिथल्या तिथे जुळवायचं. हरत हरत शिकवण्याची इतकी देखणी रचना मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेली नाही.

मला खरा धक्का दिला तो गिल्बर्टने. अ‍ॅडव्हेंचर गेम इतके रटाळ का असतात यावर त्याने 1989 मध्येच एक लेख लिहिला होता. खेळणाऱ्याला उगाच मारू नका, परतीची वाट बंद करून ठेवू नका, असा त्याचा सूर. त्या काळी सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये पाय घसरला की खेळ खलास व्हायचा. मंकी आयलंडमध्ये कड्याच्या टोकावरून गायब्रश पडतो, सिएरासारखी मृत्यूची चौकट झळकते आणि पुढच्याच क्षणी तो टुणकन वर येतो. खाली रबराचं झाड होतं म्हणे! 1991 च्या दुसऱ्या भागात सोपा आणि अवघड असे दोन पर्याय दिले होते. 2022 मध्ये गिल्बर्टने ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ केला, तर त्यात गायब्रशच्याच पिशवीत हिंटचं पुस्तक ठेवून दिलं. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या कडकपणाची राखण करत होतो, तो कडकपणा गेमच्या जन्मदात्याला मुळात नकोच होता. मी आपला राजापेक्षा राजनिष्ठ!

आता मी खुशाल हिंट घेतो. दारूच्या गुत्त्यापासून जेलपर्यंत तिसऱ्यांदा चकरा मारण्यात पुरुषार्थ नाही हे मला पटलंय. मात्र भाचीला हा गेम दिला तेव्हा तिने प्रत्येक ठिकाणी एच, एच, एच असं लागोपाठ दाबून दोन संध्याकाळींत तो संपवला. तिला आवडलाही. पण कड्यावरून ती पडलीच नाही. टोकाशी जाऊन उभी राहा, असं कुठलीच हिंट सांगत नाही; तिथे रिकामटेकडा माणूसच जातो. हे मी तिला ऐकवलं, तर म्हणाली, “मामा, मग तू सांग ना कुठे पडायचं ते.” सांगितलं. म्हणजे हिंटच दिली.

एका ठिकाणी मात्र तिलाही एच पुरेना. जेलचं कुलूप वितळवायला ग्रॉग नावाची जहाल दारू घेऊन पळायचं असतं. ती इतकी जहाल की पेला वितळायला लागतो. वाटेत एका पेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतत जायचं. काय करायचं ते तिला कळलं होतं, पण नव्या रूपात पिशवी आणि क्रियापदं वेगळ्या कळा दाबून समोर आणावी लागतात आणि तेवढ्यात पेला विरघळून जातो. मी म्हटलं, एफ10 दाब. जुन्या पडद्यावर सगळं खाली मांडलेलंच असतं. पहिल्या फटक्यात कुलूप वितळलं. मग ती थोडा वेळ त्या जुन्या, मोजक्या रंगांच्या निळ्या रात्रीतच खेळत राहिली आणि म्हणाली की यात गायब्रशचे केस तरी बरे दिसतात. नव्या चित्रकाराने त्या केसांचं जे काही करून ठेवलंय, त्याबद्दल माझं मत 2009 पासून तसूभरही बदललेलं नाही.