अजून किती लांब?

लहान मुलांना घेऊन गाडीने लांब जायचं म्हटलं की हल्ली पहिली तयारी कसली होते, सांगा बरं? मोबाईल चार्ज करण्याची! खाऊचा डबा त्यानंतर. कार्टून आधीच डाऊनलोड करून ठेवायची, कारण घाटात रेंज नसते. मुलं गप्प बसतात, हे खरं. पण गप्प बसणं वेगळं आणि रमणं वेगळं. इतकी वर्षं वर्गावर काढल्यावर एवढं तरी कळतंच.

आम्ही राहतो मोरव्याला आणि आमचं गाव संगमेश्वराजवळ. गणपतीला आणि मे महिन्यात जाणं ठरलेलं. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. पण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये जी सुरुवात झाली, ते काम इतकं रेंगाळलं की आमचा नातू त्या कामापेक्षा वयाने लहान! त्यामुळे गणपतीच्या दिवसांत आठ तास लागणार की बारा, ते बाप्पालाच ठाऊक. नातू आठ वर्षांचा, नात साडेचार. भाईंदर सोडून घोडबंदर रस्त्याला लागतो न लागतो, तोच मागून प्रश्न येतो, "आजी, अजून किती लांब?"

पूर्वी मूल कंटाळलं की कोणीतरी मांडीवर घ्यायचं. आता ते नाही, आणि नाही तेच बरं. १ सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, जोरात ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातात मूल धरून ठेवण्याएवढं बळ नसतं. म्हणजे मूल जागेवर बांधलेलं. त्याच्याकडे उरतं काय? डोळे, कान, जीभ आणि दोन हात. त्यातले डोळे मोबाईलला दिले की वळणावळणाच्या रस्त्यावर पोटात ढवळायला लागतं. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण हलतोय. या भांडणात बिचाऱ्या पोटाची फजिती! तेव्हा खिडकीबाहेर पाहणं हाच त्यावरचा साधा उपाय.

पण नुसतं "बाहेर बघ" म्हटलं की मुलं बघतात थोडीच! माझा अनुभव असा, की मुलांना करमणूक नको असते, काम हवं असतं. खरंखुरं काम, ज्यावाचून गाडीतल्या मोठ्यांचं अडतं.

नातीला मी कंडक्टर केलं. गाडी कुठेही थांबली की पुन्हा निघताना सगळ्यांचे पट्टे लागलेत का, हे ती बघते आणि मगच "टिंग टिंग" म्हणते. एसटीत डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, तसं. एकदा तिच्या पप्पांनी बेलची वाट न बघता गाडी काढली, तर तिने त्यांना असं काही झापलं की विचारू नका!

नातवाकडे नद्या दिल्या. कोकणातला महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेला जातो आणि नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे धावतात. म्हणजे रस्त्याला एकेक नदी ओलांडावीच लागते. आमच्या भाईंदरची खाडी म्हणजे उल्हास नदीचंच मुख, ती गायमुखापर्यंत सोबत करते. पनवेल सोडलं की मग खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याच्या बाजूला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी आणि संगमेश्वरला शास्त्री. मधल्या लहानसहान सोडल्या, तरी ठळक अशा सात. चालत्या गाडीत लिहायला लावलं तर पुन्हा मळमळ, म्हणून हातभर जाड लोकर दिली. पूल आला की एक गाठ.

गंमत अशी की, त्या प्रश्नाला आता उत्तर मिळालं. "अजून चार तास" म्हणजे किती, हे लहान मुलाला कळत नाही. किलोमीटर तर त्याहून नाही. पण "अजून तीन नद्या" कळतं! आता तो मला विचारत नाही, गाठी मोजतो आणि बहिणीला सांगतो.

महाडच्या पुलावर मी हात जोडते. एकदा त्याने विचारलं, "का गं आजी?" मुलांना अशा वेळी उडवून लावू नये. मी सांगितलं, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हा पूल पक्का आहे ना?" म्हटलं, "हा २०१७ मध्ये नवा बांधलाय." त्याने सावित्रीची गाठ दोनदा आवळली. हे मोबाईलवर कुठे मिळालं असतं?

सगळा वेळ खेळवत बसू नये, हेही सांगते. गावांच्या नावांच्या भेंड्या झाल्या, नंबरप्लेटवरून एमएच ०८ रत्नागिरीची आणि एमएच ०९ कोल्हापूरची हे ओळखून झालं, की मुलांना खुशाल कंटाळू द्यावं. थोड्या वेळाने ती स्वतःच काहीतरी शोधतात, नाहीतर झोपतात. दोन्ही उत्तमच.

तुमचा रस्ता वेगळा असेल तर नद्याही वेगळ्या. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्यांना नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा आहेतच. निघायच्या आदल्या रात्री मुलांना शेजारी घेऊन नकाशावर नावं तेवढी बघून ठेवा. आणि लोकर टाकून देऊ नका. परतीच्या वाटेवर एकेक गाठ सोडत यायचं असतं!